रणात गेलेल्या माणसामागे घरात काय राहतं? तुमचे अनुभव लिहा

आजोबा सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबच्या आघाडीवर पडले. तार इंग्रजीत होती, म्हणून पोस्टमन ती घेऊन आधी शाळामास्तरांकडे गेला. मास्तर दारात आले तेव्हा आजी अंगण सारवत होती. अर्धं झालं होतं. त्यानंतर आजीने अंगणाच्या सारवणाला कधी हात लावला नाही, ते काम जावांकडे गेलं.

देह आला नाही. कारगिलच्या आधी बहुतेकांचा येतच नसे, आघाडीजवळच अग्नी देत. तीन महिन्यांनी काळी लोखंडी पेटी आली. त्यात घोंगडी, साबण वाळलेला दाढीचा ब्रश आणि अर्धवट लिहिलेलं आंतरदेशीय पत्र. "मोटेची सोंड फाटली असेल तर" इथवर लिहून थांबलेलं. भटजी म्हणाले, पालाशविधी करू, पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी देऊ. आजी म्हणाली, "पानं जाळून माझा माणूस गेला असं मी म्हणायची नाही." विधी झाला तो तेरा वर्षांनी, माझ्या आत्याच्या लग्नाआधी.

वेशीवर कमान होते, चौकाला नाव देतात. ते व्हावंच. पण उंबऱ्याच्या आत काय झालं हे कुणी विचारत नाही, म्हणून मी विचारते आहे. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

बहीण, सांगली जिल्हा

दादा, जून १९९९, द्रास. शवपेटी पुण्याहून लष्कराच्या गाडीतून आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेची पोरं उभी होती. बरोबर आलेल्या सुभेदारसाहेबांनी बाबांना बाजूला नेऊन सांगितलं, पेटी उघडू नका. आईला कारण कुणी सांगितलं नाही. ती आजही म्हणते, आत दुसऱ्याच कुणाचं लेकरू असेल. घडी केलेला तिरंगा हातात दिला तेव्हा तिने तो नाकाशी धरला. "ह्याला त्याचा वास न्हाई," म्हणाली. नव्या कापडाचा वास होता.

तेराव्यानंतर माणसं पांगली. दादाचं ताट आई रोज मांडणीवरून काढायची, पुसायची, परत ठेवायची.

२६ जुलैला, कारगिल विजय दिनाचं, शाळेत बोलावणं यायचं. बाबा जायचे, आई कधीच गेली नाही. मागच्या वर्षी बाबा वारले. शेवटच्या आठवड्यात मला जवळ बसवून म्हणाले, "भरतीसाठी पहाटे चारला मीच त्याला पळायला उठवायचो. थंडीत उठायचा न्हाई, तर पांघरूण ओढायचो." एवढी वर्षं हे त्यांच्या पोटात होतं आणि आम्ही एका घरात राहत होतो.

पुतण्या, कोल्हापूर

काकांची तार डिसेंबर १९७१ ची. त्यात "बेपत्ता" होतं. मेल्याच्या बातमीने माणूस एकदा मोडतो, या शब्दाने रोज. सरकारी यादीत ५४ जण पाकिस्तानात अडकल्याचं धरलं होतं, त्यात काकांचं नाव नव्हतं. तरी २००७ मध्ये काही घरांतली माणसं तिकडचे तुरुंग बघायला गेली, तेव्हा काकी टीव्हीसमोरून हलली नाही. ती माणसं रिकाम्या हातांनी परतली. मुलांनी शहरात घर बांधलं, काकी तिकडे राहायला गेली नाही. "त्यांना ह्योच पत्ता ठावं हाय."

वीरपत्नी (गाव सांगत नाही)

मुलगा अकरा महिन्यांचा होता. पेन्शनच्या कागदावर "नातं" या रकान्यात पहिल्यांदा "विधवा" लिहिलं, तेव्हा अक्षर माझं वाटेना. पैशावरून सासरी वाद झाले, ते इथे नको. सासूबाई दोन वर्षं माझ्याशी बोलल्या नाहीत. रात्री भिंतीपलीकडून त्यांचं रडणं यायचं. त्यांनीही माझं ऐकलं असणारच.

१५ ऑगस्टला व्यासपीठावर साडी-श्रीफळ मिळतं. त्याच गावात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, ते कात्रण मी सरपंचांना नेऊन दिलं. दोनदा दिलं. आमच्याकडे ठराव झालेला नाही. मी तिसऱ्यांदा देणार आहे.

सातारा

आमच्याकडचं फार जुनं आहे. खापरपणजोबांचे धाकटे भाऊ पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये मेसोपोटेमियात (आजच्या इराकात), कुतच्या वेढ्यात गेले. बसऱ्याच्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांची नावं कोरलेली नाहीत, पलटणीखाली नुसती संख्या. आमच्या जिल्ह्यात एकट्या अपशिंगे मिलिटरी गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. आमच्या त्या आजोबांचं नाव दगडावर नाही, पण पितृपक्षात त्यांचं पान आजही वाढतो. त्या वेळी नाव मोठ्याने घ्यायचं, असा घरचा रिवाज आहे.

धागा काढणारी

सगळं आजीला वाचून दाखवलं. सांगलीच्या ताईंच्या आईचं दोनदा वाचायला लावलं.

राहिलेलं सांगते. २०१९ मध्ये दिल्लीला राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं, त्या हिवाळ्यात तिला घेऊन गेलो. त्यागचक्राच्या भिंतीवर आजोबांचं नाव सापडायला वेळ लागला. ती रडेल म्हणून आम्ही दोघी बाजूंनी धरून उभ्या होतो. तिने विचारलं, "ह्यांच्या शेजारी कोण हाय?" मी डावीकडचं नाव वाचलं, उजवीकडचं वाचलं. तिने दोन्ही नावं पुटपुटून पाठ केली. आता घरी दिवा लावताना ती तीन नावं घेते.