‘वळखलंसा काय मला?’ हा प्रश्न घरात बंदच करावा का?

वडगावची सून:
सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं आणि येईल तो चप्पल काढता काढताच सुरू: ‘वळखलंसा काय मला? सांगा बघू मी कोण?’ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत हसतात, ‘व्हय की, न वळखायला काय झालं’ म्हणतात. पाहुणा सोडतोय होय? ‘मग नाव सांगा!’ सगळे गेल्यावर त्या जेवत नाहीत, रात्री उठून दाराची कडी काढत बसतात. शेवटी मी दारातच सांगायला लागले: परीक्षा घ्यायची नाही, आपली ओळख आपणच द्यायची. ‘मी खानापूरची, तुमच्या धाकट्या जावेची लेक.’ यावर नणंद रुसलीय. माझं चुकलं काय?

शहापूरकर:
नणंदेची बाजू मला पटते. विचारलंच नाही तर उरलंसुरलं तेही जाईल. डॉक्टरसुद्धा वार कोणता, गाव कोणतं असंच विचारतात. मी वडिलांना रोज पेपर पुढ्यात ठेवून तारीख विचारतो. आणि पोटच्या पोरीनं आईला ‘मी तुझी लेक’ असं सांगायचं? जीव तुटतो हो.

निपाणीकर:
डॉक्टर विचारतात ते आजार कुठवर आलाय बघायला. ती तपासणी झाली, औषध नव्हे. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात, नवं लक्षात ठेवायची ताकदच आधी जाते, दहादा विचारून ती परत येत नाही. पण भावना मागं राहते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अल्झायमरच्या 17 रुग्णांना सिनेमातले दुःखाचे आणि आनंदाचे तुकडे दाखवले. काय बघितलं ते बहुतेक विसरले, मन मात्र तसंच जड किंवा हलकं राहिलं. पाहुणा विसरला जातो, चारचौघांत झालेली फजिती आत राहते. दाराची कडी त्यामुळंच निघत असेल.

शहापूरकर:
मग काय गप्प बसवून ठेवायचं? उपचार कसे करावेत याचे सल्ले देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनंच 2018 मध्ये सौम्य-मध्यम डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी बुद्धीला चालना देणारे गट चालवा म्हटलंय.

निपाणीकर:
म्हटलंय की. पण त्या पद्धतीत मत विचारतात, माहिती नाही. ‘हा कुंदा कुणी आणला?’ नको. ‘कुंदा लई गोड झालाय काय?’ विचारा. उत्तर चुकायची भीतीच नाही.

खानापुरी:
आमच्याकडं वेगळाच घोळ. आजी माहेरची बैलहोंगलची, लहानपणी कन्नड बोलणारी; लग्नापासून घरात मराठीच बोलली. आता कन्नडच बोलते. काका दटावतात, ‘मराठीत बोल!’ (सीमाभागात हा विषय कसा पेटतो ते सांगायला नको.) लहानपणीची भाषा बऱ्याचदा शेवटपर्यंत टिकते, नंतरची आधी निसटते. मी ‘ऊटा आतेन?’ (जेवण झालं काय?) विचारलं की तिचा चेहरा खुलतो आणि ताट पुढं ओढते.

हिंडलग्याहून:
उलटंही बघा. आमच्या काकूंना मराठीशिवाय काही येत नाही आणि सांभाळायला ठेवलेल्या बाईला फक्त कन्नड. काकू हात झटकायच्या, बाई म्हणायची ‘मारतात’. बाईला ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘थांब’ एवढं मराठी शिकवलं आणि पुढ्यात बसून, डोळ्यांत बघून सावकाश बोलायला लावलं. निम्मी मारामारी थांबली.

वडगावची सून:
आणखी एक. दिवेलागणीला विचारतात, ‘मालक मागावरनं आले काय?’ मालक म्हणजे मामंजी, मागावर कापड विणायचे; त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

शहापूरकर:
खरं सांगा. खोटं बोलून माणसाला फसवायचं हे मला पटत नाही, आजारी असला म्हणून काय झालं?

निपाणीकर:
रोज नव्यानं विधवा करायचं काय त्यांना? खोटंही नको, बातमीही नको. ‘मालकांची वाट बघताय होय? मागावरनं आल्यावर पहिलं काय मागायचे?’ असं विचारा. बहुतेक वेळा त्यांना मालकांबद्दल बोलायचंच असतं.

शहापूरकर:
ही पळवाट झाली. ‘गेले काय?’ असं त्यांनी स्वतःहून सरळ विचारलं तर?

निपाणीकर:
तर हो म्हणायचं, हात धरून जवळ बसायचं. तिथं मी तुमच्याच बाजूचा. आणि पेपर ठेवा की पुढ्यात, कोण नको म्हणतंय? तारीख तेवढी विचारू नका, ‘यंदा पाऊस लई झाला काय?’ म्हणा.