मदत हवी आहे : बुद्धवचनाचा मूळ संदर्भ मोबाईलवर कसा शोधावा?

जय भीम. उत्तर नागपुरातल्या आमच्या विहाराचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रोज सकाळी कमळाच्या चित्रावर 'भगवान बुद्ध म्हणतात' असं लिहिलेले सुविचार येतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर वाटायचं पत्रक त्यातूनच करायचं ठरतंय, म्हणून आधी प्रत्येक वाक्य तपासायचं आहे. तथागतांच्या नावावर काहीही छापणं मनाला पटत नाही.

'वैराने वैर शमत नाही' लगेच मिळालं, धम्मपद या बुद्धवचनांच्या गाथासंग्रहाची ५वी गाथा. रागाला जळत्या निखाऱ्याची उपमा मात्र विसुद्धिमग्ग या नंतरच्या काळातल्या ग्रंथात निघाली, म्हणजे ती आचार्य बुद्धघोषांची, बुद्धवचन नव्हे. 'एका मेणबत्तीने हजारो मेणबत्त्या पेटतात' हे धम्मपदाच्या ४२३ गाथांत कुठेच नाही. गूगलवर शोधलं तर तीच चित्रं पुन्हा समोर येतात. एआयला विचारलं तर दरवेळी वेगळ्या सुत्ताचं (बुद्धांच्या उपदेशाचं) नाव सांगतो. विपश्यना विशोधन विन्यास या संस्थेचं छट्ठ संगायन तिपिटक (बुद्धवचनांचा मूळ पाली ग्रंथसंग्रह) देवनागरीत आहे, पण तिथे पाली शब्द टाकावा लागतो आणि आमच्याकडे असतं फक्त मराठी वाक्य.

ग्रुपमध्ये बहुतेक ज्येष्ठ मंडळी आहेत, साधे फोन, इंग्रजी वाचता येत नाही. पाठवणाऱ्यांची श्रद्धा खरी आहे, त्यांना सर्वांसमोर खोडून काढायचं नाही. पैसे भरून घ्यायचं ॲप नको.

मराठी वाक्यावरून मूळ पाली सुत्तापर्यंत पोहोचता येईल असा, मराठी किंवा हिंदी अनुवादात शब्द शोधता येणारा तिपिटक कुठे आहे का?