लोकप्रतिनिधींना भरघोस पगार दिला तर 'खाणं' थांबेल का?

कोरा कागद (धागाकर्ता)
शिव्या पडणार हे गृहीत धरूनच लिहितोय. निवडून आलेल्यांचे पगार वाढवा, चांगले तिप्पट-चौपट करा. ज्याच्या मताने कायद्यातलं एक कलम फिरतं आणि एखाद्या उद्योगाचं नशीब पालटतं, त्याला आपण मधल्या फळीतल्या मॅनेजरएवढे पैसे देतो, वर त्याने साधुसंतासारखं वागावं ही अपेक्षा. सिंगापूरने १९९४ साली मंत्र्यांचे पगार खासगी क्षेत्रातल्या सर्वाधिक कमाईच्या पेशांशी जोडले. २०१२मध्ये त्यांना बरीच कात्री लागली, तरी नव्या मंत्र्याला वर्षाला ११ लाख सिंगापूर डॉलरच्या आसपास मिळतात. आणि सर्वात कमी भ्रष्टाचाराच्या देशांच्या यादीत सिंगापूर कायम वरच्या रांगेत. आता बोला.

तिरपागडा
बोलतो. त्याच सिंगापूरचे माजी वाहतूकमंत्री एस. ईश्वरन २०२४ साली तुरुंगात कशाला गेले? पदावर असताना घेतलेल्या भेटवस्तू: फुटबॉलची तिकिटं, नाटकांची तिकिटं, व्हिस्कीच्या बाटल्या आणि एक ब्रॉम्प्टन सायकल. सायकल हो! एवढा पगार घेणाऱ्याला सायकल विकत घेणं परवडत नव्हतं?

कोरा कागद
अहो, पण सापडले आणि बारा महिन्यांची शिक्षा झाली, हेच तर सांगतोय! इतरत्र सायकलीवरून मंत्र्याला कुणी हटकलं तरी असतं का?

हिशेबी
मग हे पगाराचं यश की पकडणाऱ्याचं? सिंगापूरचा भ्रष्टाचारविरोधी विभाग १९५२ सालचा आहे. पगाराचं सूत्र आलं त्याच्या ४२ वर्षांनी. आधी चोर पकडायची व्यवस्था बसली, मग तिजोरी उघडली. आपण मात्र शेवटचं पान वाचून गोष्ट सांगतोय. शिवाय डेन्मार्क आणि न्यूझीलंडही त्याच यादीत वर असतात, आणि तिथले पगार सिंगापूरच्या जवळपासही नाहीत.

तिरपागडा
हिशेबींना +१. घानाचंही घ्या. तिथे २०१०मध्ये पोलिसांचे पगार जवळपास दुप्पट केले. नंतर महामार्गावर मालट्रकवाल्यांकडून उकळल्या जाणाऱ्या पैशांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तर पोलिसांची वसुली उलट वाढलेली! पगार वाढला की माणसाचा स्वतःबद्दलचा भावही वाढतो.

कोरा कागद
रस्त्यावरचा पोलीस आणि सभागृहातला माणूस एकाच तराजूत कसे घालता? पोलिसाला दर पाच वर्षांनी लोकांपुढे उभं राहावं लागत नाही.
आणि पगार दाबून ठेवला की काय होतं तेही बघा. ब्रिटनमध्ये लोक चिडतील म्हणून सरकारं खासदारांची पगारवाढ टाळत राहिली आणि भत्त्यांकडे काणाडोळा करत राहिली. २००९ला ती बिलं फुटली. कुणी वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च दाखवलेला, कुणी तळ्यातल्या बदकांच्या घरकुलाचं बिल लावलेलं (हे मंजूर झालं नाही, पण लावायची हिंमत बघा). काही जण खोट्या हिशेबापायी तुरुंगातही गेले. पुढच्या दाराने दिलं नाही की मागच्या दाराने जातंच.

उंबरठा
सगळेच जण पगाराला नको ते काम सांगताय. खासदाराला पगार असावा ही मागणी भ्रष्टाचार रोखण्यासाठी आलीच नव्हती. १८३८ साली ब्रिटनमधल्या कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीने सहा मागण्या मांडल्या, त्यातली ही एक. कारण साधं: पगार नसेल तर पोटाची चिंता नसलेलाच कायदे करायला बसणार. ब्रिटनमध्ये ती पुरी व्हायला १९११ उजाडलं, वर्षाला ४०० पौंड. तेही का, तर १९०९च्या एका निकालाने कामगार संघटनांना आपल्या वर्गणीतून खासदार पोसायची बंदी झाली आणि मजूर पक्षाच्या माणसांची चूल विझायची वेळ आली.

उलट टोक हवं असेल तर अमेरिकेतलं न्यू हॅम्पशायर. तिथल्या राज्य विधिमंडळातल्या सदस्याला दोन वर्षांच्या मुदतीचे मिळून २०० डॉलर, १८८९पासून तेच. मग येणार कोण? निवृत्त झालेले, नाहीतर ज्यांचं बाहेर बरं चाललंय ते. सगळे खातात असं अजिबात नाही, पण दोन नोकऱ्या करणारी बाई तिथे पोचत नाही.

ब्राझीलमधल्या नगरपालिकांच्या सदस्यांवरही अभ्यास झालाय. जिथे पगार जास्त, तिथे उमेदवार जास्त, त्यांचं शिक्षणही जास्त आणि मांडलेली विधेयकंही जास्त. पगाराने दारात कोण उभं राहतं ते बदलतं. आत गेल्यावर हात कुठे जातो, त्याला दुसरं औषध.

जुनी फाईल
एरवी नुसता वाचक असतो. पण मी सहा वर्षं एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात हिशेब लिहिलेत, तेव्हा दोन शब्द.

आमच्याकडे दोन वह्या होत्या. पहिलीत पगार आणि भत्ते जमेला. नावे बाजूला ड्रायव्हर, कार्यालयाचं भाडं, दोन पोरांचं मानधन, पेट्रोल. शिवाय सकाळची रांग. कुणाच्या आईचं ऑपरेशन, कुणाची फी, कुणाला स्पर्धेसाठी ढाली हव्यात. साहेबांना 'नाही' म्हणता यायचं नाही. खिशातून पाकीट काढताना ते माझ्याकडे बघायचे, मी वहीकडे बघायचो. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पगार संपलेला असायचा. पगार दुप्पट झाला असता तर? रांग दुप्पट झाली असती, एवढं नक्की सांगतो.

दुसरी वही निवडणुकीची. तिच्यात नावं नव्हती, नुसती आद्याक्षरं आणि पुढे आकडा. त्यातला एकेक आकडा साहेबांच्या सबंध मुदतीच्या पगाराहून मोठा. सुरुवातीला मला वाटायचं, व्याजाचा रकाना राहिलाय. एकदा विचारलं तर साहेब हसले. नंतर उमगलं, ते व्याज पैशांत द्यायचंच नव्हतं.

हिशेबी
या प्रतिसादानंतर धाग्याचं शीर्षक बदलायला हवं. प्रश्न पगाराचा नाही, उमेदवारी अर्ज भरायच्या आधीच्या कर्जाचा आहे. ते कुणी दिलं, किती दिलं, हे उघड करायला लावा, मग पगाराचं बघू.

कोरा कागद
मान्य, दुसऱ्या वहीपुढे माझा उपाय थिटा पडतो. पण पहिलीचं काय? दहा तारखेला खिसा रिकामा असलेल्या माणसाला अकरा तारखेला कुणी पाकीट पुढे केलं तर? जुनी फाईल, तुम्हीच सांगा, पगार बरा असता तर एखादं तरी पाकीट परत गेलं असतं की नाही?

जुनी फाईल
एखादं गेलं असतं. साहेब मुळात वाईट नव्हते. छोटी पाकिटं घेताना कानकोंडे व्हायचे, हे मी पाहिलंय.

तिरपागडा
आणि मोठी घेताना?

जुनी फाईल
मोठी पाकिटं कार्यालयात येत नसत.

उंबरठा
पुढे काय झालं साहेबांचं?

जुनी फाईल
पुढच्या खेपेला पडले. दुसरी वही माझ्या कपाटात राहिली. मला वाटलं होतं, आता वसुलीला रीघ लागेल, म्हणून बरेच दिवस ती जपून ठेवली. कुणीही आलं नाही.