हेवी मेटलच्या जुन्या सीडींवरील मल्टिमीडिया विभाग कसा जतन करावा?

म्हापसेकर:
नमस्कार मंडळी. माझे थोरले बंधू बोटीवर नोकरीला असताना परदेशी बंदरांतून हेवी मेटल या रॉक संगीतप्रकाराच्या सीडी आणत असत. तो संग्रह आता माझ्याकडे आहे. त्यात आयर्न मेडन या बँडच्या १९९८ सालच्या फेरआवृत्त्या असून त्यांवर गाण्यांबरोबर संगणकावर पाहण्याचा मल्टिमीडिया विभागही आहे. गाणी उत्तम वाजतात, परंतु विंडोज ११ असलेल्या संगणकावर त्या विभागाचा प्रोग्राम सुरूच होत नाही. गाणी मी फ्लॅक स्वरूपात (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत) उतरवून घेतली आहेत. आता मूळ सीडी विकून टाकाव्यात असे एक मित्र सुचवतो, पण मन धजत नाही. हा भाग जतन करण्याजोगा आहे का, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात या सीडी टिकाव्यात म्हणून काय करावे?

फोंड्याचा श्रोता:
कृपया विकू नका. गाणी उतरवली म्हणजे सीडी उतरवली असे होत नाही, कारण या सीडींवर दोन सेशन, म्हणजे दोन स्वतंत्र विभाग असतात, पहिले गाण्यांचे आणि दुसरे संगणकाच्या फाइलींचे. १९९५ च्या ‘ब्लू बुक’ मानकाने ही रचना ठरवून दिली. त्याआधी काही सीडींमध्ये फाइली पहिल्याच ट्रॅकवर असत आणि साध्या प्लेअरने तो ट्रॅक घेतला की स्पीकरमधून कर्कश खरखर येई. साधा प्लेअर पहिल्या सेशनपुढे जात नाही, म्हणून फाइली शेवटी ठेवल्याने तो प्रश्न मिटला. मात्र दुसरे सेशन उघडण्यातच सुमारे अडीच मिनिटांची जागा जाते. अल्बम साठ मिनिटांचा असेल, तर ७४ मिनिटांच्या सीडीवर फाइलींसाठी जेमतेम १०० एमबी उरतात. त्या काळचे व्हिडिओ टपाल तिकिटाएवढे दिसतात ते यामुळेच.

प्रोग्राम न चालण्याचे कारण बहुधा असे की विंडोज ३.१ किंवा ९५ साठी लिहिलेले १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ केवळ ६४-बिटच आहे. तूर्त सीडीवरचे फोल्डर उघडून त्यात एमओव्ही किंवा एमपीजी प्रकारच्या व्हिडिओ फाइली आहेत का ते पाहावे. त्या व्हीएलसी या मोफत व्हिडिओ प्लेअरमध्ये बहुतेक वेळा थेट चालतात.

डिचोलीकर:
वरील माहिती योग्य आहे, परंतु केवळ व्हिडिओ काढून घेण्यावर समाधान मानू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. तेच व्हिडिओ आज इंटरनेटवर अधिक स्वच्छ मिळतात. जे इतरत्र मिळत नाही ते म्हणजे त्या प्रोग्रामचा मेनू, त्यातली चित्रे आणि असल्यास स्क्रीनसेव्हर, आणि माझ्या मते संग्राहकाचे खरे धन तेच आहे.

त्यासाठी संपूर्ण सीडीची इमेज, म्हणजे फाइलींच्या रूपातली हुबेहूब प्रत घ्यावी. आयएसओ प्रकारच्या इमेजमध्ये फक्त फाइलींचा भाग येतो, गाणी येत नाहीत. बिन आणि क्यू या दोन फाइलींच्या इमेजमध्ये दोन सेशन नीट मावत नाहीत. क्लोनसीडी या प्रोग्रामच्या पद्धतीची सीसीडी, आयएमजी आणि सब अशी तीन फाइलींची इमेज दोन्ही सेशन सांभाळते. मग व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज ९८ किंवा एक्सपी बसवून ती जोडावी. क्विकटाइम या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती मागितली गेली, तर ती पुष्कळदा त्याच सीडीवर असते. रंग विचित्र दिसले, तर एक्सपीमध्ये प्रोग्रामच्या गुणधर्मांतील ‘कम्पॅटिबिलिटी’ या पानावर २५६ रंगांचा पर्याय निवडावा.

मडगावची संग्राहक:
पावसाळ्याविषयी लिहिते. लोक चकाकणारी बाजू जपतात, पण नाजूक बाजू छपाईची असते. खाली पॉलिकार्बोनेटचा सुमारे १.२ मिलिमीटरचा थर असतो, तर वर ॲल्युमिनियमवर केवळ लाखेचा पातळ लेप आणि शाई असते. तिथे ओरखडा गेला की दमट हवा धातूपर्यंत पोहोचते. सीडी दिव्यासमोर धरून सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसतात का ते पाहावे आणि दिसल्यास त्या सीडीची इमेज आधी घ्यावी. दोन सीडींच्या जाड डब्यांत स्पंजचा तुकडा असेल तर तो आजच काढून टाकावा, कारण तो कुजून सीडीला चिकटतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात सीडी ठेवू नयेत. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्यात आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. पुस्तिकेची पाने ओलाव्याने एकमेकांना चिकटतात, म्हणून ती स्कॅन करून ठेवलेली बरी.

पुढे जुन्या सीडी विकत घेणार असाल, तर मुखपृष्ठावर विसंबू नका. तेच मुखपृष्ठ असलेल्या दुसऱ्या आवृत्तीत फाइली नसूही शकतात, म्हणून सीडीवरचे ‘एन्हान्स्ड सीडी’ हे चिन्ह दिसेल असे छायाचित्र मागवावे. सीडी घालताच प्रोग्राम आपोआप सुरू करणारी संगणकावरची ऑटोरनची सोय बंद ठेवावी. २००५ साली सोनी बीएमजीच्या काही सीडी विंडोजमध्ये छुपे सॉफ्टवेअर बसवत असल्याचे उघड झाले होते.

म्हापसेकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या सीडीच्या इमेजमध्ये दोन्ही सेशन आली आहेत आणि व्हीएलसीमध्ये व्हिडिओही चालला. एक्सपी अजून बसवायचे आहे. डिचोलीकरांचे म्हणणे पटले, त्यामुळे सीडी विकणार नाही. मृग लागण्याआधी उरलेल्या सीडींच्या इमेज पूर्ण करीन. जाड डब्यांमधले स्पंज काल रात्रीच काढले, त्यांपैकी एक खरोखरच सीडीला चिकटू लागला होता.