धार्मिक, मनमिळाऊ : आपल्या आज्ज्यांच्या हातची कामं (अनुभव धागा)

निधनवार्तेत आज्जीसाठी एक ठरलेली ओळ असते : 'धार्मिक व मनमिळाऊ स्वभावाच्या म्हणून त्या परिचित होत्या.' त्याखाली रक्षाविसर्जन किती वाजता, एवढंच. गल्लीची जत्रा, आंबील, भिशी, हळदीकुंकू, महापुरातल्या भाकऱ्या हे ज्या बाईनं जन्मभर ओढलं तिचं काम त्या ओळीत मावत नाही. तेव्हा इथं लिहा, पण 'फार प्रेमळ होती' यावर थांबू नका. काय करायची, किती करायची, कशात काय घालायची, कुठं बिघडायचं, हे येऊ दे. स्वतःचं कमी, आज्जीचं जास्त. कोल्हापूरच्या बाहेरच्यांनीही वाचावं म्हणून ठिकाणं जरा सांगून लिहा.

उत्तरेश्वर पेठ

आषाढात मंगळवारी नाहीतर शुक्रवारी पंचगंगा नदीचं नवं पाणी टेंबलाई देवीच्या पायरीवर घालायचं. पी-ढबाक (पिपाणी आणि ढोल) वाजत असतं, पोरं पुढं नाचत असतात, आणि खरं काम घागर डोक्यावर घेतलेल्या बायका-पोरींचं. घाटापासून टेंबलाईची टेकडी चार-पाच किलोमीटर, तेही मिरवणुकीच्या चालीनं.

आमची आज्जी सगळ्या गल्लीच्या घागरी स्वतः तपासायची. तांब्याची घागर चिंच-मीठ लावून आदल्या दिवशी घासलेली. पाणी गळ्याच्या दोन बोटं खाली. वरून कडुलिंबाचा डहाळा, पण नुसता तोंडाला खोचलेला नव्हे; पाला पाण्याला टेकला पाहिजे. चालताना पाणी हिंदकळतं ते त्या पाल्यात अडतं आणि अंगावर सांडत नाही. त्यावर नारळ, फुलं, हळदीकुंकू. काठोकाठ भरणाऱ्या पोरीला ती सांगायची, "अगं, पाणी देवीला न्यायचं हाय, रस्त्याला न्हवं."

चुंबळ जुन्या सुती लुगड्याची. नायलॉनच्या साडीची केली की घसरते आणि मान एका बाजूला धरून दुखते. लहान पोरींना घागर द्यायची नाही, तांब्या नाहीतर छोटी कळशी द्यायची. घागर अर्ध्या वाटेत दुसरीकडं द्यायची असेल तर घेणारी आधीच ठरवून ठेवायची, कारण आयत्या वेळी हात बदलताना नारळ पडतो आणि मग 'अपशकुन झाला' म्हणून चार बायका बोलत बसतात. आज्जी अपशकुन मानायची नाही. नारळ उचलून धुवायची आणि परत ठेवायची.

वर्गणीची वही तिच्याकडंच. घरटी आकडा एकच, पण भाड्यानं राहणाऱ्यांना निम्मा, आणि ज्यांच्या घरी सुतक त्यांचं नाव त्या वर्षी वहीत लिहायचंच नाही, म्हणजे मागायला कुणी चुकूनही जात नाही.

यल्लमाच्या ओढ्याजवळचा

आंबील. हे नीट लिहून ठेवायलाच पाहिजे, कारण आता निम्मे लोक विकतचं आणून परडीत ठेवतात.

मार्गशीर्षात कर्नाटकातल्या सौंदत्तीहून रेणुकेचे मानाचे जग (डोक्यावरून नेतात ती देवीची टोपली) परत आले की ओढ्यावरच्या रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा. नैवेद्यात आंबील, घुगऱ्या, दहीभात, भाकरी, वडी, वरणं-वांगं (वरणं म्हणजे वालासारखं कडधान्य), मेथीची भाजी, कांद्याची पात, गाजर, केळं. आज्जी हे घरापुरतं करायची नाही. वाटेत भेटेल त्याला द्यायचं म्हणून ऐंशी-नव्वद माणसांचं करायची.

एक किलो नाचणीचं पीठ रात्री दोन लिटर पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. थंडी जास्त असली तर त्यात वाटीभर आंबट ताक, म्हणजे सकाळपर्यंत बेताचा आंबूस वास येतो. पहाटे आठ लिटर पाण्याला आधण आणायचं, मीठ घालायचं आणि भिजवलेलं पीठ धार धरून सोडायचं. एक ओतणारी, एक ढवळणारी. एकटीनं दोन्ही करायला गेलं की गाठी होतात, आणि नाचणीची गाठ नंतर फुटत नाही, गाळावीच लागते. पीठ पडल्यावर मंद आचेवर वीसेक मिनिटं, बुडाला डाव खरवडत. कच्चट वास गेला आणि रंग गडद झाला की उतरवायचं.

मग ते पूर्ण गार होऊ द्यायचं. इथंच घाई होते. कोमट असताना ताक घातलं की ताक फाटतं, वर पाणी येतं, खाली कण बसतात. पातेल्याला बाहेरून हात लावून गार लागतं, पण मधोमध ऊन असतं, म्हणून आज्जी डाव बुडापर्यंत घालून हलवायची आणि बोट लावून बघायची. गार झालं की पाच-सहा लिटर ताक, भाजून भरडलेलं जिरं, ठेचलेलं आलं, कोथिंबीर.

भांडं कल्हईचं नाहीतर स्टीलचं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबील कळकते. चव बिघडते हे एक, आणि पोटाला बाधते हे जास्त महत्त्वाचं. लोकांना द्यायचं अन्न आहे.

वरणं-वांग्याचं सांगतो. वरणं रात्री भिजत घालून सकाळी आधी निम्म्याच्या वर शिजवून घ्यायची, मग वांगं टाकायचं. दोन्ही एकदम घातलं की वांग्याचा गाळ होतो आणि वरणं टचटचीत राहतात.

परडी भरताना भाकरी तळाला, तिच्यावर वडी, कडेनं पात आणि गाजर, दहीभात द्रोणात. ओलं खाली गेलं तर देवळापर्यंत भाकरीचा लगदा.

मंगळवार पेठ, पण आता पुण्यात

वरच्या आंबिलीत लसूण नाही का? आमच्याकडं नैवेद्याची वाटी आधी बाजूला काढायची आणि मग उरलेल्यात ठेचलेला लसूण. आणि पीठ जोंधळ्याचं. जोंधळ्याला पाणी थोडं जास्त लागतं, गार झाल्यावर ती जास्त आळते.

यल्लमाच्या ओढ्याजवळचा

आमच्यातही वाटपाच्या पातेल्यात कुणी घातला तर आज्जी बघून न बघितल्यासारखं करायची.

गंगावेस

पुराचं लिहिते. 2005, 2019, 2021, तिन्ही महापुरांत आमच्या भागातल्या म्हाताऱ्या बायकांनी जे केलं त्याला समाजसेवा वगैरे कुणी म्हटलं नाही.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. आज्जीचा नियम : 39 ऐकलं की पिण्याचं पाणी भरायला लागायचं, 43 ची वाट बघायची नाही. नदी चढली की उपसा केंद्रं पाण्याखाली जातात, आणि चहूकडं पूर असताना नळ कोरडे पडतात. पाणी ओसरल्यावरही नळ लगेच येत नाहीत. घरात माणशी रोजचे तीन-चार लिटर नुसते प्यायला, आठवड्याचे. शिवाय शेजारच्या एकट्या माणसाचे वेगळे.

भाकऱ्या. किलोभर पिठात मध्यम आठ-नऊ होतात. शंभर माणसांना दोन-दोन म्हणजे तेवीस-चोवीस किलो पीठ धरायचं. आज्जी चार घरांत पीठ वाटून द्यायची, एका घरात चूल पेटवत बसायची नाही. पीठ ताजं दळलेलं हवं, जुन्या पिठाला विरी नसते, भाकरी थापताना चिरते आणि दुसऱ्या दिवशी तुकडे होतात. सगळ्यात मोठी चूक म्हणजे गरम भाकऱ्या एकावर एक रचून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधणं. आत घाम धरतो, संध्याकाळी चिकट, सकाळी बुरशी. खाटेवर सुती धोतर पसरून एकेक सुटी गार करायची, मग कागदात दोन-दोन. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. पिठलं, झुणका, ओला कांदा काही नाही, चार तासांत आंबतं. लांब छावणीवर जायचं असेल तर भाकरीऐवजी तेल लावलेल्या चपात्या.

आणि भाकऱ्यांच्या गठ्ठ्यात ती काडेपेटी, मेणबत्ती, लहान मुलांची झबली आणि बायकांसाठी पॅड घालायची. पॅड घालणारी ऐंशीची म्हातारी. बाकीचे सगळे कपड्यांचे ढीग पाठवत होते, जे नंतर रस्त्यावर भिजत पडले.

शिवाजी पेठेतली नात

हळदीकुंकू आणि भिशी, दोन्हींत आज्जीचा हात.

संक्रांत ते रथसप्तमी. बोलावणं घरोघर जाऊन, आणि ज्यांचे मालक गेलेत त्यांनाही. पहिल्या वर्षी काही जणी आल्याच नाहीत. आज्जीनं भांडण केलं नाही, पद्धत बदलली : दारात आधी सगळ्यांना तिळगूळ आणि फूल, बसायची सतरंजी एकच, वाण एकच. कुंकू पुढं करायचं आणि 'लावू का?' विचारायचं, म्हणजे नको असेल तिला नको म्हणता येतं. पुढं मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर चर्चा झाली. तो ठराव तिला वाचून दाखवला तर म्हणाली, "बरं झालं, आता कागदावर आलं."

वाणाबद्दल ती कडक होती. प्लॅस्टिकचे डबे नकोत. पाव किलो साखर, नाहीतर साबण, नाहीतर कडधान्य. घरात संपणारी वस्तू.

भिशी वीसजणींची, महिन्याला पाचशे, म्हणजे उचल दहा हजार. चिठ्ठी टाकायची, पण पहिल्या तीन उचली चिठ्ठीबाहेर : लग्न, दवाखाना, शाळेची फी, या क्रमानं ज्यांची गरज. भिशी बुडते ती नेहमी लवकर उचलणारीमुळं. पैसे घेतले की पुढचे सतरा-अठरा हप्ते जड जातात. म्हणून पहिल्या पाचजणींना भिशीतलीच एक जामीन लागायची, आणि ती जामीन स्वतः शेवटच्या पाचांतली हवी. जिचे पैसे अजून यायचेत ती बरोबर तगादा लावते! हप्ता पाच तारखेपर्यंत. वहीत सही, सही येत नसेल तर अंगठा, आणि वही महिन्याला एकीच्या घरी फिरती. वही एकाच घरात राहिली की संशय येतो, हे तिचं म्हणणं.

गुजरी

नवरात्रातल्या अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते तेव्हाची रांगोळी. डांबरी रस्ता दुपारी झाडायचा, पाणी मारायचं, पूर्ण वाळू द्यायचा. धुळीवर घातलेली रांगोळी पहिल्या वाऱ्यात जाते आणि ओल्यावर घातलेली काळी पडते. आज्जी बाहेरची चौकट खडूनं आखून द्यायची, आतलं पोरींवर सोडायची. मधून माणसं जाणारच, म्हणून भरीव काम दोन्ही कडांना, मध्ये नुसती ठिपक्यांची वेल, जी पाच मिनिटांत परत ओढता येते.

पुईखडी

आषाढीला नंदवाळची (कोल्हापूरजवळचं प्रतिपंढरपूर) दिंडी. दहा-बारा किलोमीटर. आज्जीच्या पिशवीत शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, आणि दुसऱ्यांसाठी जुन्या साडीच्या पट्ट्या, चप्पल तुटली की बांधायला. साबूदाणा वाटेत वाटू द्यायची नाही. उपाशी पोटी तेलकट खाऊन चालणाऱ्यांना जळजळ होते, हे तिनं पुष्कळ बघितलेलं.

खरी कॉर्नर

शेणी (गोवऱ्या) राहिल्या कुणाच्या लिहायच्या.

पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका दहन मोफत करते आणि त्यासाठी लोक शेणी देतात. होळीच्या वेळेला गल्लोगल्लीतून देणगी जाते. आज्जी म्हणायची, होळीला पाच शेणी पुरेत, बाकीच्या तिकडं पाठवा. मंडळाच्या पोरांना हे पटवायला तिला देवाधर्माचं बोलावं लागायचं, एरवी ती पोरं ऐकायची नाहीत.

देताना बघायचं काय, तर वाळलेली आहे का. शेणात थोडा भुस्सा कालवून एकसारखी पातळ थापायची, जाड थापली की वरून वाळते आणि आत ओल राहते. एक बाजू सुकली की उलटायची, मग दोन-दोन टेकवून उभ्या करायच्या म्हणजे मधून वारा जातो. हातात घेऊन मोडली की कट्‌ असा आवाज यायला पाहिजे. वाकून मोडली तर परत उन्हात. ओल्या शेणीचा नुसता धूर होतो, आणि तो धूर ज्यांच्या डोळ्यात जातो त्यांचे डोळे आधीच भरलेले असतात, असं ती म्हणायची. पोत्यात भरून ठेवायच्या नाहीत, खाली फळ्या टाकून रचायच्या. वळवाचा पाऊस कधीही येतो, ताडपत्री आधी आणून ठेवा. टेम्पो सांगायचा तो सकाळचा. दुपारनंतर चढवायला माणसं मिळत नाहीत.