'केअर वर्कर'ला काय म्हणायचं?

पारवा: इंग्लंडातल्या वर्कहाउसांवरचा, म्हणजे निराधारांना ठेवून घेऊन कामाला लावणाऱ्या संस्थांवरचा, लेख मराठीत करतेय, एका शब्दापाशी अडलेय. १८३४च्या गरीब-कायद्यानंतर तिथे आलेल्या निराधार म्हाताऱ्यांचं करायच्या तिथल्याच दुसऱ्या निराधार बाया. शिक्षण नाही, पगार नाही. मी 'परिचारिका' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'सेविका' केलं. पण सेविका म्हटलं की तिने ते आपखुशीने पत्करलं असं वाटतं.

शब्दवेडा: 'परिचारिका'च ठेवा. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय आहेत: वैद्य, औषध, परिचारक, रोगी. तिथे 'उपस्थाता' असाही शब्द येतो, जवळ उभा राहणारा. इतका नेमका शब्द असताना 'केअर वर्कर' कशाला?

निंबोणी: उपस्थाता कोण बोलतं हो? माझी आजी साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्याकडे येणाऱ्या बाई आधी स्वतःचे तळहात चोळून ऊन करायच्या, मगच पाठीखाली घालून कूस बदलायच्या. काय काम करता विचारलं तर म्हणायच्या, 'पेशंटचं करते.' आम्ही त्यांना मावशी म्हणायचो.

शब्दवेडा: मावशी हे नातं झालं. नातं जोडलं की सुट्टी आणि पगारवाढ मागणं त्या बाईलाच जड जातं.

चकवा: 'आया' राहिला की! मी तो 'आई'वरून आलाय असं धरून चाललो होतो, निघाला पोर्तुगीज. आणि 'शुश्रूषा'चा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. माझं मत शुश्रूषेला.

निंबोणी: हे पटलं. आजी तीच गोष्ट रोज सांगायची, मावशी रोज 'मग?' म्हणायच्या.

पारवा: 'पेशंटचं करते' डोक्यातून जात नाहीये. 'सुनेने सासूचं खूप केलं.' काय केलं ते सांगावंही लागत नाही! क्रियापद आहे, करणारीला नाम नाही. घरातलीच बाई करणार हे गृहीत होतं, मग नाम कोण घडवणार?

शब्दवेडा: आता घडवा. जपानमध्ये १९८७च्या कायद्याने म्हाताऱ्या-आजाऱ्यांचं करणाऱ्यांसाठी 'काइगो फुकुशिशी' हा परीक्षा देऊन मिळवायचा दर्जा झाला. आपण 'वृद्धदेखभालकार' म्हणू.

चकवा: 'देखभाल' हिंदी आहे. 'देखरेख' म्हणा.

निंबोणी: देखरेख कैद्यांवर ठेवतात! देखभाल माझ्या आजीच्या तोंडी होतं, तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं.

पारवा: १८६५ला लिव्हरपूलच्या वर्कहाउसात ॲग्नेस जोन्स शिकलेल्या नर्सेस घेऊन आल्या. त्यांना परिचारिका म्हणते. त्यांच्या आधीच्या बायांचं अजून अडलेलंच आहे.

चकवा: देखभाल जुन्या कोशात आहे का, कुणी बघेल?