निष्पत्ती आधी की वर्ग आधी? (पाचवीचा स्थानिक घटक)

पूर्वभागातली बाई
आम्ही सहा शिक्षक मिळून पाचवीसाठी दोन आठवड्यांचा स्थानिक घटक करतोय आणि पहिल्याच बैठकीत अडलोय. निम्मे म्हणतात, अध्ययन निष्पत्ती (शेवटी मुलांना काय यायला हवं त्याची यादी) समोर ठेवा, चाचणी ठरवा, मग उलट येत तासिका भरा. मी म्हणते, आधी समोर कोण बसलंय ते बघा. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई बिड्या वळते, घरी तेलुगू. हजार बिड्यांचे पंचवीसचे कट्टे (जुड्या) किती, विचारलं की पोरगी मान वर न करता "नलभै" म्हणते. चाळीस! तेच फळ्यावर १००० ÷ २५ लिहिलं की गप्प. घटक त्या कट्ट्यापासूनच सुरू व्हावा. तुमचं काय?

चादरवाला
निष्पत्ती आधी. चादरीवर मोर हवा तर आमच्यात आधी आलेखाच्या कागदावर चौकोन भरून मोर काढतात, त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, मग ती जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, चढतात. 'बघू काय निघतंय' म्हणत माग कुणी चालू करत नाही.

निवृत्त गुरुजी
वाद जुनाच आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ टायलरने १९४९ मध्ये अभ्यासक्रमाची उद्दिष्टांपासून मांडणी केली. १९६२ मध्ये हिल्डा टाबा ही दुसरी अभ्यासक्रमतज्ज्ञ म्हणाली, शिक्षकांनी आधी वर्गातले घटक करावेत, आराखडा त्यातून वर यावा. बाई, तुम्ही टाबाच्या बाजूच्या. पण तिच्याही यादीत मुलांच्या गरजा ओळखल्या की लगेच दुसरी पायरी उद्दिष्टांचीच आहे. हे तिचं नाव घेणारे सोयीनं विसरतात (मीही बी.एड.ला विसरलो होतो, दोन मार्क गेले).

पूर्वभागातली बाई
@चादरवाला, मोर वाकडा आला तर कार्ड बदलता ना? आमची चाचणी घटक संपल्यावर. तोवर सगळी चादर विणून झालेली.

अक्कलकोट रोड
बिडीचं निघालं म्हणून लिहिते. माझी आई वळायची. संध्याकाळी तंबाखूच्या वासात अभ्यास केलाय. शाळेत मला आवडायचं ते घरी नसलेलं: समुद्र, ग्रह, भूमितीतला कंपास. तिथंही कट्टाच आला असता तर मी पुस्तक मिटलं असतं. १९३७ ला वर्ध्यात हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना निघाली. तिचं कौतुक करणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःची पोरं त्या शाळांत घातली? परिसर-परिसर करत गरिबाच्या पोराला परिसरातच ठेवू नका.

पूर्वभागातली बाई
ताई, टोचलं. पण मला कट्ट्यावर थांबायचं नाहीये. १००० ÷ ३७ ला तिला बाकी कळायला हवी, आणि बाकी म्हणजे सुट्या बिड्या हे ती मलाच शिकवेल. कट्टा कितव्या दिवशी सोडायचा, एवढं मात्र निष्पत्तीच्या यादीत सापडत नाही.

अक्कलकोट रोड
दुसऱ्या दिवशी.

चादरवाला
आधी हातभर तुकडा विणून बघा, दोनच तासिका. जुनी जॅकार्डची कार्डं पडून आहेत, मुलांना भोकं मोजायला शनिवारी घेऊन जा. यादीवरचं मत माझं तेच आहे.